हृदयाची तुला

प्राचीन मिसर देशांतील लोक प्रेत मसाल्यानें टिकवितांना मेंदू बाहेर काढीत. हृदय मात्र जागच्या जागीं ठेवीत. कारण परलोकीं साक्ष तेंच देणार! ओसायरिस देवाच्या न्यायसभेंत कोल्ह्याच्या मुखाचा अनुबिस हृदय तोलून पाही. दुसऱ्या पारड्यांत सत्यदेवता माआत हिचें एक पीस. शराटी पक्ष्याच्या तोंडाचा थोथ निकाल लिहून घेई. हृदय जड भरलें, तर मगरमुखी अम्मित तें गिळी, आणि त्या जीवास पुढें कांहींच उरत नसे. इसवी सनापूर्वी सुमारें १२५० च्या आनी नामक लेखनिकाच्या पपायरसावर हा देखावा रंगविलेला असून तो लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें आहे. मौज अशी, कीं स्वतःच्याच हृदयाची धास्ती मोठमोठ्यांसही वाटे. त्यानें आपल्याविरुद्ध बोलूं नये, अशी विनवणी कोरलेला दगडी भुंगेरा ते प्रेताच्या छातीवर ठेववीत.