सीमेवरची माणसं (भाग ७) : उसन्या बापाचं नाव

शाळेत नाव घालायला बाप पोराला घेऊन जातो, पण फॉर्मवर वडिलांच्या रकान्यात शेजारच्या गावातल्या दुसऱ्याच कुणाचं नाव पडतं. खरा बाप बाजूलाच उभा. कूचबिहार जिल्ह्यातल्या मशालडांगा, पोआतुरकुठी अशा गावांत २०१५पर्यंत हे सर्रास चालायचं. सरकारी दवाखान्यात बाळंतपणाला गेलेली बाई नवऱ्याचं नावही असंच उसनं सांगायची. कारण चारी बाजूंनी भारत असला, तरी कागदोपत्री ही गावं बांगलादेशची होती.

त्यांना छिटमहाल म्हणतात. मराठीत छीट म्हटलं की फुलाफुलांचं कापड आठवतं; बंगालीत छिट म्हणजे तुटून पडलेला तुकडा. महाल मात्र आपल्या ओळखीचा, महसुली मुलखाचा. कूचबिहारचा राजा आणि रंगपूरचा फौजदार बुद्धिबळात गावं पणाला लावायचे, त्यातून हे तुकडे झाले, अशी दंतकथा तिकडे सांगतात. झकास आहे, पण खरं कारण रुक्ष आहे. मुघलांनी कूचबिहारचा काही मुलूख घेतला आणि १७१३मध्ये तह झाला. जिंकलेल्या भागातले काही जमीनदार राजाशीच बांधील राहिले, तर राजाच्या हद्दीत काही जमिनी मुघलांच्या माणसांकडे राहिल्या. सारा कुणाला भरायचा, एवढाच काय तो फरक. बाजार, सोयरीक, शेत सगळं एकच होतं.

१९४७मध्ये रंगपूर पाकिस्तानात गेलं आणि १९४९मध्ये कूचबिहार भारतात विलीन झालं. विलीनीकरणाच्या करारावर सही करणारे महाराज जगद्दीपेंद्र नारायण हे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचे नातू. त्यांच्या आई इंदिराराजे यांनी मुलगा अज्ञान असताना या संस्थानाचा कारभार पाहिला होता. म्हणजे या तुकड्यांवर काही वर्षं एका मराठी घरातल्या लेकीचा अंमल होता.

खरी कोंडी १९५२मध्ये झाली. भारत-पाकिस्तान दरम्यान पासपोर्ट आणि व्हिसा लागू झाले. छिटमहालातल्या माणसाने व्हिसा कुठे काढायचा? कचेरी मुख्य देशात, आणि तिथे पोचायला आधी परका देश ओलांडायचा, तोही व्हिसाशिवाय. म्हणजे घराबाहेर पाऊल टाकलं की गुन्हा. भारतीय पोलीस गावात शिरत नसत कारण जमीन परकी. आधी पाकिस्तानी आणि पुढे बांगलादेशी पोलिसांना पोचायला वाटच नाही. चोरी झाली तर तक्रार कुणाकडे, याला उत्तर नव्हतं. विजेच्या तारा गाव टाळून पुढे जायच्या.

बांगलादेशच्या पोटात भारताचे १११ तुकडे, भारतात बांगलादेशचे ५१. २०११च्या संयुक्त मोजणीत एकूण ५१ हजारांहून अधिक माणसं निघाली. त्यातलं दहाला खागराबारी हे जेमतेम पावणेदोन एकरांचं तागाचं शेत: भारताची जमीन, ती बांगलादेशी गावाच्या आत, ते गाव भारतीय छिटमहालाच्या आत, आणि तो छिटमहाल बांगलादेशात. वाचकहो, हे वाक्य पुन्हा वाचावं लागलं तर संकोच नको. मलाही कागदावर वर्तुळं काढावी लागली.

तोडगा माहीत होता, अदलाबदलीचा. नेहरू-नून करार १९५८चा, इंदिरा-मुजीब करार १९७४चा. पण देशाची जमीन द्यायची तर घटनादुरुस्ती हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६०मध्येच सांगितलं होतं, आणि जमीन 'दिली' म्हणवून घ्यायला कुठलंच सरकार धजत नव्हतं. माझ्या मते ही चालढकल कायद्यापेक्षा भित्रेपणाची होती, कारण प्रत्यक्षात ती जमीन कुणाच्याच ताब्यात नव्हती. अखेर शंभरावी घटनादुरुस्ती झाली आणि ३१ जुलै २०१५च्या मध्यरात्री अदलाबदल झाली. मशालडांग्यात ६८ मेणबत्त्या लावल्या, स्वातंत्र्यानंतरच्या एकेका वर्षाची एक.

भारतातल्या ५१ तुकड्यांतून बांगलादेशात जायला एकही माणूस निघाला नाही. पलीकडच्या १११मधून हजाराहूनही कमी लोक भारतात आले आणि दिनहाटा, मेखलीगंज, हल्दीबारीच्या छावण्यांतल्या पत्र्याच्या खोल्यांत राहिले.

२०१६च्या विधानसभा निवडणुकीत या गावांनी पहिल्यांदा मत दिलं. आता मतदार यादीत खऱ्या बापाचं नाव, आणि शाळेच्या जुन्या दाखल्यावर उसन्या. दोन्ही कागद एकाच मुलाचे आहेत, हे सिद्ध करायला अनेकांना पुढे कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागले.