चूर्णातील गाठी : केवळ दिसण्याचा नव्हे, मात्रेचा प्रश्न

पावसाळ्यात लवणभास्कर चूर्णाचा डबा उघडावा आणि आत दगडासारखा गोळा निघावा, हा अनुभव बहुतेक औषधशाळांना आहे. अशा वेळी गोळा फोडून, चाळून चूर्ण पुन्हा भरले जाते आणि विषय तेथेच संपतो. आमच्या मते तो तेथे संपू नये. सूक्ष्म कण एकत्र येण्याची क्रिया सिमेंट, खते, दूधभुकटी, लोहखनिज अशा अनेक उद्योगांत बारकाईने अभ्यासली गेली आहे. त्या ज्ञानाचा आपल्या चूर्ण व वटी कल्पनेशी असलेला संबंध येथे थोडक्यात मांडत आहोत.

कण एकमेकांस का चिकटतात?

कोणत्याही दोन कणांमध्ये अल्पसे आकर्षण असते. भौतिकशास्त्रात त्यास व्हॅन डर वाल्स बल म्हणतात. कण मोठा असेल तर त्याचे वजन या आकर्षणावर मात करते. कणाचा व्यास निम्मा केला की वजन एक-अष्टमांश होते, आकर्षण मात्र निम्मेच घटते. म्हणजेच वजनाच्या तुलनेत चिकटण्याची प्रवृत्ती चौपट होते. त्यामुळे साधारणतः १०० मायक्रॉनपेक्षा बारीक भुकटी सहज ओघळत नाही आणि १० मायक्रॉनखाली तर ती आपोआप पुंजके धरते. ८० क्रमांकाच्या चाळणीचे छिद्र सुमारे १८० मायक्रॉनचे असते. त्यातून उतरलेल्या चूर्णात या वर्गातील कण पुष्कळ असतात. कोरड्या हवेत दळताना घर्षणाने निर्माण होणारी स्थिरविद्युत या प्रवृत्तीत भर घालते.

या सर्वांहून प्रबळ कारण म्हणजे ओलावा. दोन कणांच्या स्पर्शबिंदूशी पाण्याचा सूक्ष्म थेंब साचला की पृष्ठताणामुळे कण एकमेकांकडे ओढले जातात. हा झाला द्रवसेतू. त्या पाण्यात मीठ अथवा साखर विरघळली आणि पुढे हवा कोरडी होऊन पाणी उडाले, तर त्या जागी स्फटिक उरतो. हा घनसेतू होय. डब्यातील दगड याच घनसेतूंनी बनतो. दिवसा-रात्री आर्द्रता वरखाली होत राहिली की गोळा उत्तरोत्तर कठीण होतो.

कोणते कल्प अधिक संवेदनशील?

शुद्ध मीठ सुमारे ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेस पाझरू लागते, तर साखर सुमारे ८५ टक्क्यांस. समुद्रलवणात मात्र मॅग्नेशियम क्लोराइडचा अंश असतो आणि ते ३३ टक्क्यांच्या आसपासच पाणी ओढते. क्षारांतील पोटॅशियम कार्बोनेटची मर्यादा सुमारे ४३ टक्के आहे. कोकणात पावसाळ्यात आर्द्रता अनेकदा ८० टक्क्यांवर असते. लवणभास्कर, यवक्षारयुक्त चूर्णे आणि निम्म्याहून अधिक खडीसाखर असलेले सितोपलादि यांच्या गाठी होण्याचे रहस्य येथे आहे. गाठ हा ओलावा शिरल्याचा पुरावा असल्याने चाळून तो पुसता येत नाही. अशा चूर्णात बुरशीचा संभवही तपासला पाहिजे.

मात्रेवरील परिणाम

खरा धोका मिश्रणात आहे. त्रिभुवनकीर्तीत वत्सनाभ सात समभाग घटकांपैकी एक आहे. भावनेतील घनांश वगळता १२५ मि.ग्रॅ.च्या वटीत ते सुमारे १८ मि.ग्रॅ. येते. वत्सनाभ चूर्णाची बाजरीच्या दाण्याएवढी, ३ मि.मी. व्यासाची गाठ न फुटता एखाद्या वटीत गेली आणि तिची घनता पाण्याच्या निम्मी धरली, तरी सुमारे ७ मि.ग्रॅ. वत्सनाभ अधिक जाते. वत्सनाभ औषधे नियम, १९४५ च्या अनुसूची ई(१) मधील विषद्रव्यांत समाविष्ट आहे, हे येथे विसरून चालणार नाही. संपूर्ण घाण्याची सरासरी बरोबर असूनही एका रुग्णाच्या हाती पडणारी वटी चुकीची असू शकते.

नुसत्या फिरत्या पिंपात द्रव्ये घोळवल्याने गाठी फुटत नाहीत, त्या केवळ इकडून तिकडे जातात. त्या फोडण्यास घासणारे बल लागते. खलातील मर्दन नेमके हेच कार्य करते. अल्प प्रमाणातील भस्म वा विषद्रव्य प्रथम समभाग चूर्णासह घोटावे, नंतर प्रत्येक वेळी दुप्पट करीत वाढवावे. यामुळे सूक्ष्म कण मोठ्या कणांच्या पृष्ठावर बसून स्थिर होतात. जॉन हर्सी यांनी १९७५ मध्ये अशा मिश्रणास ‘क्रमबद्ध मिश्रण’ या अर्थाची संज्ञा दिली. तेथे चिकटण्याचा गुणधर्मच उपकारक ठरतो.

हेतुपुरस्सर एकत्रीकरण

वटीसाठी दाणे पाडताना आपण मुद्दाम कण जोडतो. बंधकद्रव प्रथम बीजरूप पुंजके करतो, ते एकमेकांवर आदळून वाढतात व घट्ट होतात, दुर्बळ दाणे पुन्हा फुटतात. न्यूइट व कॉनवे-जोन्स यांनी १९५८ मध्ये दाखविल्याप्रमाणे दाण्याचे बळ त्यातील पोकळी द्रवाने किती भरली यावर अवलंबून असते. द्रव कमी पडला तर वटी भुगा होते. अधिक झाला तर ती इतकी कठीण होते की जठरात वेळेवर विरघळत नाही.

औषधशाळांसाठी सूचना

१. क्षार व लवणे कोरडी करून, शेवटी मिसळावीत.
२. दळल्यावर चूर्ण थंड होऊ द्यावे, गरम असताना डबा बंद करू नये. आत वाफ साचते.
३. भरण्याच्या खोलीत आर्द्रतामापक ठेवून रोजची नोंद करावी.
४. मोजपात्रात १०० मि.लि. चूर्ण घेऊन, आकारमान स्थिर होईपर्यंत ते आपटावे. ते ८५ मि.लि.पर्यंतच खाली बसले तर ओघ चांगला, ७५ च्या खाली गेले तर गाठींचा धोका अधिक समजावा.
५. विषद्रव्ययुक्त घाण्यातून वेगवेगळ्या जागांचे नमुने काढून तपासावेत.

शार्ङ्गधरांनी चूर्णाची सवीर्यता दोन महिन्यांची सांगितली आहे. जितका कण बारीक, तितके त्याचे पृष्ठ विस्तीर्ण आणि तितका हवा-ओलाव्याशी संबंध अधिक, हे ध्यानी घेता त्या मर्यादेमागील व्यवहारज्ञान स्पष्ट होते. गाठ दिसताच चाळणी उचलण्यापूर्वी तिचे कारण शोधावे, एवढीच वैद्यबंधू-भगिनींना व औषधनिर्मात्यांना आमची विनंती आहे.