करोडगिरी : एका नाक्याचा कायदा आणि त्याचे वारस

छत्रपती संभाजीनगराहून, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेहून, पुण्याकडे निघाले की कायगाव येथे गोदावरी ओलांडावी लागते. पलीकडे टोके आणि प्रवरासंगम. आज या ठिकाणी जिल्हा बदलतो, एवढेच. परंतु १९४८ पर्यंत येथे राज्य बदलत असे. अलीकडचा काठ निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडे, तर पलीकडचा मुंबई इलाख्यात. शहराच्या दक्षिणेचे गारखेडा त्या काळी एक लहानसे खेडे होते. तेथील कापसाची गाडी नदीपार जाणार असली, अथवा मुंबईचे कापड मनमाडवरून औरंगाबादेस येणार असले, तर वाटेत ज्या ठिकाणी थांबणे चुकत नसे त्याचे नाव करोडगिरीचा नाका.

शब्द मोगली वळणाचा आहे. वसुली करणाऱ्या अधिकाऱ्यास मोगल अमदानीत करोडी म्हणत. त्याचा कारभार ती करोडगिरी. निजामाच्या राज्यात हे नाव जकात खात्यास चिकटले आणि राज्य जाईपर्यंत टिकले. आजही मराठवाड्यातील जुन्या माणसांच्या बोलण्यात ते अधूनमधून येते, आणि ते कौतुकाने येते असे मात्र नाही.

या जकातीचे मूळ मात्र केवळ राजाच्या इच्छेत नव्हते. १८०२ साली ईस्ट इंडिया कंपनीने निजामाशी व्यापारी तह केला. कंपनीच्या मुलखातून येणाऱ्या मालावर शेकडा पाच याहून अधिक जकात घेऊ नये, आणि ती एकदाच घ्यावी, असा त्यातील मुख्य करार होता. त्याच्या मोबदल्यात निजामास मच्छलीपट्टणचे बंदर वापरण्याची मोकळीक मिळाली; कारण एवढ्या अफाट राज्यास स्वतःचा समुद्रकिनारा उरला नव्हता. तहातील हा पाच टक्क्यांचा दंडक पुढे सव्वाशे वर्षांहूनही अधिक काळ संस्थानच्या जकातीचा पाया राहिला. आत येणाऱ्या मालाप्रमाणेच बाहेर जाणाऱ्या कापसावर आणि गळिताच्या धान्यावरही जकात बसे. तिचा दर जाचक खराच. पण तो ठाऊक असे, आणि जे ठाऊक आहे ते व्यापारी आपल्या भावात धरू शकतो.

खरी पीडा निराळी होती. परदेशी माल मुंबई बंदरात उतरे तेव्हा त्यावर हिंदुस्थान सरकारची समुद्री जकात बसे, आणि तोच माल संस्थानच्या हद्दीत शिरला की करोडगिरी. मुंबईच्या जकातीचा वाटा हैदराबादच्या खजिन्यात येत नसे. भार मात्र हैदराबादच्या गिऱ्हाइकावर पडे. १९३३ च्या जूनमध्ये हिंदुस्थान सरकारने ब्रिटिशेतर सुती कापडावरील जकात मोलाच्या शेकडा ७५ पर्यंत चढविली. समजा, शंभर रुपयांचे जपानी कापड त्या वेळी मुंबईस उतरले. समुद्री जकातीसह त्याची किंमत १७५ रुपये झाली. त्या किमतीवर शेकडा पाचप्रमाणे करोडगिरी धरली तर १८३ रुपये १२ आणे. हे झाले कलदार रुपये. संस्थानचा हाली शिक्का निराळा, आणि सहा कलदारांस सात हाली हा त्याचा भाव. म्हणजे औरंगाबादच्या दुकानदाराच्या वहीत हेच कापड, रेल्वेचे भाडे व दलाली सोडूनच, २१४ रुपये ६ आण्यांस पडे. दोन सरकारे, दोन जकाती आणि दोन नाणी यांचा हिशेब ज्यास तोंडपाठ नाही त्याने औरंगाबादेत दुकान थाटू नये, असाच तो काळ होता.

१९४७ साली या व्यवहाराचे स्वरूप पालटले. हैदराबाद संस्थान हिंदी संघराज्यात सामील झाले नाही. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला. त्याची शाई वाळते न वाळते तोच निजाम सरकारने दोन वटहुकूम काढले. एकाने सोनेचांदीसारखे मौल्यवान धातू हिंदुस्थानात पाठविण्यावर निर्बंध आला. दुसऱ्याने हिंदी चलन संस्थानात कायदेशीर चलन म्हणून रद्द ठरले. पाच टक्क्यांची जकात भरून माल नेता येत असे. या वटहुकुमांस मात्र कितीही रक्कम भरून उत्तर नव्हते. ज्या दुकानदाराचे येणे मनमाडास आणि देणे औरंगाबादेस, त्याच्या हातातला कलदार रुपया एका रात्रीत कायद्याच्या दृष्टीने परका झाला.

पुढच्या महिन्यांत उलट बाजूनेही दोर आवळला गेला. संस्थानात जाणाऱ्या मालाची वाट अडू लागली. आपल्याभोवती आर्थिक नाकेबंदी केली आहे, अशी तक्रार हैदराबाद सरकारने केली आणि २१ ऑगस्ट १९४८ रोजी हा वाद संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडे नेला. हिंदी सरकारने नाकेबंदीचा आरोप नाकारला. त्या वादाचा निवाडा कसाही करा; ज्या राज्यास समुद्र नाही त्याचे मीठदेखील बाहेरून यावे लागते, आणि वाट अडली की राजवाड्याच्या आधी ते झोपडीतून संपते. अशा उपायांचा हा दोष तेव्हा होता आणि आज राष्ट्राराष्ट्रांत वापरल्या जाणाऱ्या आर्थिक निर्बंधांतही तो तसाच आहे.

याच काळात मनमाडसारख्या सरहद्दीवरील गावी स्टेट काँग्रेसच्या छावण्या उभ्या राहिल्या, आणि स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील लढ्यात सैनिकांनी ठिकठिकाणी करोडगिरीच्या नाक्यांवर हल्ले चढविले. लढणाऱ्यांनी नेमके नाकेच का निवडले, हे निराळे सांगावयास नको. खेडुताला सरकार रोज भेटे ते तेथेच.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट कोसळली. नाके मात्र त्या दिवशी उठले नाहीत. ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात नसते. जकातीचे उत्पन्न एकाएकी सोडले तर राज्याचा खर्च चालावा कसा, हा प्रश्न होता. म्हणून २६ जानेवारी १९५० च्या राज्यघटनेने ३०१ व्या कलमात भारतभर व्यापार मोकळा राहील असे सांगितले खरे, पण ३०६ व्या कलमात ‘ब’ वर्गाच्या राज्यांना, आणि हैदराबाद त्यांतलेच, केंद्राशी करार करून अशी अंतर्गत जकात जास्तीत जास्त दहा वर्षे चालू ठेवण्याची सवलत दिली. त्या उत्पन्नाची जागा भरून काढण्याच्या दृष्टीने हैदराबाद राज्यात १९५० साली सर्वसाधारण विक्रीकराचा कायदा झाला. ३०६ वे कलम १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने गळाले. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि गोदावरीच्या दोन्ही काठांवर एकच राज्य झाले. गावोगावच्या नगरपालिकांची जकात यानंतरही चालू राहिली, मुंबईत तर थेट १ जुलै २०१७ पर्यंत. पण तो निराळा विषय आहे.

आता माल अडविण्याची सत्ता नदीकाठी राहिलेली नाही; ती दिल्लीच्या राजपत्रात आहे. १९७५ च्या सीमाशुल्क दर अधिनियमाचे आठवे कलम केंद्र सरकारला केवळ अधिसूचना काढून निर्यातीवर शुल्क बसविण्याचा वा वाढविण्याचा अधिकार देते. संसदेपुढे ती नंतर ठेवावयाची. १९९२ च्या विदेश व्यापार अधिनियमाच्या तिसऱ्या कलमान्वये निर्यात सरसकट बंदही करता येते. या दोन्ही अधिकारांचा प्रत्यय त्याच गोदावरीकाठच्या वैजापूर आणि गंगापूर तालुक्यांतील कांदेवाल्यांस अलीकडे आला. १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्याच्या निर्यातीवर शेकडा ४० शुल्क बसले. ऑक्टोबरअखेरीस टनास ८०० डॉलर हा किमान निर्यातदर ठरला. ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद. जो माल आधीच जहाजावर चढू लागला होता अथवा सीमाशुल्क खात्याच्या हाती सोपविला होता, तेवढाच सुटला. बंदी ३१ मार्च २०२४ पर्यंत होती, ती मुदत संपण्याआधीच आणखी लांबविण्यात आली. ४ मे २०२४ रोजी निर्यात खुली झाली, परंतु टनास ५५० डॉलर किमान दर आणि शेकडा ४० शुल्क यांच्यासह. सप्टेंबरमध्ये किमान दर उठला आणि शुल्क २० वर आले.

एवढ्या फेऱ्यांत ज्याने परदेशी गिऱ्हाइकास शब्द दिला होता त्याने तो कोणत्या भावाने पाळावयाचा? गारखेडा आता शहराची वस्ती झाले आहे. तेथील गृहिणीस त्या हिवाळ्यात कांदा आवाक्यात राहावा, हाच सरकारचा हेतू होता, आणि तो अयोग्य म्हणता येत नाही. पण त्या स्वस्ताईची किंमत वैजापूरच्या चाळीत कांदा साठविलेल्या शेतकऱ्याने दिली, आणि १८०२ च्या तहात दराला जी मर्यादा होती तशी कोणतीही मर्यादा त्याच्या बाजूने उभी नव्हती. उरलेले २० टक्क्यांचे शुल्क १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाले. ते बसविण्याचा अधिकार आठव्या कलमात जसाच्या तसा आहे.