घरच्या पावासाठी ओव्हन घेताना

बाजारच्या पावाविषयी आपल्या घरांत शंका असते, आणि ती अनाठायी नाही. साच्याला कोणती चरबी माखली, वरची चकाकी दुधाची की अंड्याची, हे सुट्या पावावर कुठे लिहिलेले नसते. म्हणून अनेक गृहिणींना पाव घरीच भाजावासा वाटतो. मात्र सीताबर्डीच्या दुकानात ओव्हनच्या रांगेपुढे उभे राहिले की गोंधळ उडतो. विक्रेता लिटर आणि वॅट सांगतो. वाफेविषयी सहसा कोणी बोलत नाही. वस्तुतः पावाच्या बाबतीत खरा प्रश्न वाफेचाच आहे.

तापलेल्या ओव्हनमध्ये गेलेला गोळा पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत झपाट्याने फुगतो. त्या वेळी वरची साल कोरडी पडली तर फुगणे अडते आणि पाव वाटेल तिथे फाटतो. भोवती वाफ असेल तर ती थंड पिठावर पाणी होऊन जमते व साल मऊ राहते. पृष्ठभागावरील पिष्टाची खळ होते आणि पुढे तीच वाळून चकाकते. अंड्यावाचून चकाकी येते ती अशी. हे शास्त्र आपल्याला परके नाही. बाफला बाटी आधी पाण्यात उकळतात व मग भाजतात, तेव्हा तिच्याही पृष्ठभागाची अशीच खळ होते. आपल्या विदर्भातले पानगे पळसाच्या पानांत ठेवून गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजतात. पान ओल कोंडून धरते. गोव्याच्या पोदेरांच्या घुमटाकार भट्टीचे तोंड बंद केले की पिठातून निघालेली वाफ आतच राहते.

आता यंत्रांकडे वळू. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह घरात असला तर केक, नानकटाई त्यात करावी. पावाला सुमारे 230 अंश सेल्सिअस लागतात. यातली पुष्कळ यंत्रे 200 ते 220 वरच थांबतात, शिवाय पंखा वाफ उडवून लावतो. ओटीजी 250 पर्यंत जातो, पण त्याच्या दाराच्या फटीतून वाफ निसटते. खाली उकळत्या पाण्याचा ट्रे ठेवण्याचा सल्ला देतात. त्याचा उपयोग थोडाच होतो. तापलेल्या ओव्हनमध्ये पाणी शिंपडणे तर कटाक्षाने टाळावे. दाराची काच किंवा तापणारी नळी तडकू शकते. राहिला वाफेची सोय असलेला, भिंतीत बसवायचा ओव्हन. तो उत्तम असतो, पण किंमत बरीच मोठी. घ्यायचाच असेल तर 230 अंशांवर भाजताना वाफ सोडता येते का, हे विचारावे. नुसत्या वाफेवर शिजवणारे यंत्र 100 अंशांच्या आसपास चालते. त्यात ढोकळा होईल, पाव तांबूस होणार नाही. घरी बोअरचे पाणी असल्यास टाकीत क्षार धरतात, तो खर्चही हिशेबात धरावा.

कर्जप्रकरणांत यंत्रांची कोटेशने तपासण्यात माझी नोकरी गेली, त्या सवयीने सांगतो : 40 लिटरच्या पुढचा साधा ओटीजी आणि झाकणाचे जड बिडाचे भांडे, एवढे भांडवल घराला पुरते. भांडे आत ठेवूनच ओव्हन अर्धा-पाऊण तास तापवावा, मग गोळा सोडून झाकण लावावे. पिठाचीच वाफ आत कोंडते. वीस मिनिटांनी झाकण काढून आणखी वीस मिनिटे भाजावे. झाकणाची मूठ प्लॅस्टिकची नसावी. दुकानात जाताना भांड्याची झाकणासह उंची मोजून न्यावी. बाहेरच्या लिटरवर विसंबू नये, कारण वरच्या-खालच्या नळ्या बरीच जागा खातात. बिडाचे भांडे नसेल तर तव्यावर गोळा ठेवून वर स्टीलचे खोल पातेले उपडे घालावे, काम भागते.

असा ओव्हन साधारण 2000 वॅट ओढतो. त्याला 16 अँपिअरचे स्वतंत्र सॉकेट हवे. इतवारीतल्या जुन्या घरांत आधी वायरिंग तपासून घ्यावे. विजेचा खर्च मात्र फार नाही : तापवण्यासह दीड तास धरला तरी तीन युनिटांच्या आत.

खमिराचा प्रश्न ज्याच्या त्याच्या घरच्या नियमाचा आहे. ज्यांच्याकडे खमीर वर्ज्य आहे, त्यांनी दही व खाण्याचा सोडा घालून केलेल्या पावासाठी वाफेवर पैसा घालू नये. सोड्याचा पाव लहान, साध्या ओटीजीतही चांगला होतो.

खमिराचा पाव करणाऱ्यांनी नागपूरचा मे महिना ध्यानात ठेवावा. पारा 45 च्या आसपास असताना पीठ तासाभरातही दुप्पट होते. सकाळी सहाला मळले तर नऊपर्यंत भाजून होते, स्वयंपाकघर दुपारी तापत नाही, आणि तासभर निवून पाव दिवसाउजेडीच ताटात येतो.