डोक्यातले यंत्र कोणाचे?

ऑस्ट्रेलियातील एका अपस्मारग्रस्त बाईची हकीकत वाचून आम्ही अस्वस्थ झालो. न्यूरोविस्टा नावाच्या अमेरिकन कंपनीने तेथे पंधरा रुग्णांच्या मेंदूवर विद्युत्संकेत टिपणारे यंत्र बसविले होते. बाईंना ते २०१० साली मिळाले. झटका येण्यापूर्वी ते सूचना देई. बाई वेळीच औषध घेत व निर्धास्त राहत. हे यंत्र म्हणजे आपलाच एक भाग, असे त्यांना वाटू लागले. पुढे कंपनीजवळचा पैसा संपला. यंत्र काढून घ्या, असा निरोप आला. बाईंनी विरोध केला, घर गहाण टाकून ते विकत घेण्याची तयारी दाखविली. उपयोग झाला नाही. शस्त्रक्रिया करून ते काढण्यात आले.

आम्ही विज्ञानाचे वैरी नव्हे. कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत तारा बसवून थरथर आटोक्यात आणण्याचा उपचार मुंबईतही गेली कित्येक वर्षे होत आहे, आणि ज्याच्या हातातला चहाचा पेला पुन्हा स्थिर झाला त्याला नीतीचे पाठ देण्याचा अधिकार आम्हांस नाही. जानेवारी २०२४ मध्ये न्यूरालिंक कंपनीने खांद्याखाली लुळ्या पडलेल्या एका तरुणाच्या मेंदूत चिप बसविली. मार्चमध्ये तो केवळ विचाराच्या बळावर संगणकावर बुद्धिबळ खेळताना जगाने पाहिला. पुढे चिपच्या पुष्कळशा सूक्ष्म तारा जागच्या हलल्या हेही खरे. परंतु त्या तरुणाचा आनंद खोटा ठरत नाही. (चिप बसविली की मुलांना पाढे पाठ करावयास नकोत, असे सांगणारेही भेटतात. त्यांचा समाचार पुन्हा केव्हातरी.)

प्रश्न मालकीचा आहे. रुग्ण एकदा कागदावर सही करतो. कंपनीचे भागधारक मात्र दरसाल हिशेब पाहतात. कंपनीचे आयुष्य रुग्णाच्या आयुष्याहून थोडे असले, तर डोक्यातल्या त्या वस्तूची देखभाल कोणी करावयाची? आणि तिने टिपलेली माहिती कोणाची?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर चिली या लहानशा देशाने दिले. २०२१ मध्ये त्याने मेंदूतील व्यापाराला व त्यातून मिळणाऱ्या माहितीला राज्यघटनेतच संरक्षण दिले. २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने, नुसत्या डोक्यावर घालावयाच्या पट्टीने गोळा केलेली एका माजी सिनेटरची माहिती पुसून टाकण्याचा हुकूम अमेरिकन कंपनीला केला. आपल्याकडेही त्याच वर्षी वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यात मेंदूचा वेगळा उल्लेख नाही.

आमची सूचना साधी आहे. अशा यंत्राला परवानगी देताना, कंपनी बुडाली तरी देखभाल चालू राहील एवढी अनामत सरकारने आधीच ठेवून घ्यावी. रुग्णाच्या जिवाला धोका नसेल तर त्याच्या संमतीवाचून यंत्र काढता येणार नाही, असे कलम करारात सक्तीचे करावे. भूल दिलेल्या माणसाला घासाघीस करता येत नाही. आरोग्य मंत्रालयाने हा मसुदा आताच हाती घ्यावा.