भिंतीवरची चित्रे कशी जपतात?



वडीगोद्रीतील आमचे जुने घर मातीच्या भिंतींचे होते. माजघरात दादीचा एक ताक होता. मराठीत त्याला कोनाडा म्हणतात. त्या कोनाड्याभोवती कुणीतरी फार पूर्वी लाल आणि निळ्या रंगांत फुलांची वेल काढली होती. धुराने ती काळवंडली होती. मी नववीत असताना रमजान ईदच्या आधी घराची रंगरंगोटी निघाली. वेल चमकावी म्हणून मी दुकानातून व्हार्निशचा डबा आणला आणि तिच्यावर दोन हात मारले. ईदच्या दिवशी वेल लखलखत होती. पाहुण्यांनी कौतुक केले. मीही खूश झालो.

पावसाळ्यात भिंतीत ओल आली. व्हार्निशमुळे त्या ओलीला बाहेर पडायला वाट उरली नाही. थर फुगला आणि एके दिवशी पापुद्र्यासारखा सुटून खाली आला. त्याच्याबरोबर वेलही आली. दादी मला काही बोलली नाही. तिने तुकडे गोळा केले आणि एका डब्यात ठेवून दिले.

पुढे मी शिक्षक झालो आणि मुलांची सहल घेऊन अजिंठ्याला गेलो. तेथे मला कळले, की माझ्यासारखी चूक मोठमोठ्या माणसांच्या हातूनही झाली आहे. चित्र सजवणे वेगळे आणि चित्र जपणे वेगळे. या पाठात आपण हाच फरक समजून घेऊ.

अजिंठ्याची लेणी आपल्या मराठवाड्यातच आहेत. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथून ती सुमारे १०० किलोमीटरवर आहेत. वाघूर नदीच्या काठी, घोड्याच्या नालेसारख्या वळलेल्या डोंगरात ही बौद्ध लेणी कोरलेली आहेत. त्यांतील सर्वांत जुनी लेणी दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. बहुतेक उत्तम चित्रे इ. स. पाचव्या शतकातील असून ती १, २, १६ आणि १७ या क्रमांकांच्या लेण्यांत आहेत. १९८३ मध्ये युनेस्कोने या लेण्यांचा जागतिक वारसा म्हणून गौरव केला.

ही चित्रे कशी काढली, ते आधी पाहू. कारागिरांनी दगडी भिंत मुद्दाम खडबडीत ठेवली. तिच्यावर माती, वाळू, दगडाची भुकटी, भाताचे तूस आणि गवताचे तंतू कालवून गिलावा दिला. गिलाव्याला आपण घरी पलस्तर म्हणतो. पहिला थर जाड आणि दुसरा बारीक मातीचा. त्यावर चुन्याचा पातळ हात दिला. मग डिंकासारख्या चिकट पदार्थात रंग कालवून चित्रे रंगवली. तांबडा आणि पिवळा रंग गेरूसारख्या मातीचा, हिरवा रंग हिरव्या मातीचा, काळा रंग काजळीचा. निळा रंग मात्र लाजवर्द नावाच्या मौल्यवान दगडाचा होता आणि तो दगड दूर अफगाणिस्तानातील बदख्शानहून येई.

म्हणजे अजिंठ्याची भिंत आणि आमच्या माजघराची भिंत तशा एकाच जातीच्या. दोन्ही मातीच्या. म्हणून त्यांचे शत्रूही सारखेच. डोंगराच्या फटींतून पावसाचे पाणी झिरपते. ओल आली की माती फुगते, वाळली की आकसते. असे शेकडो वेळा झाले, की गिलावा दगडापासून सुटतो. त्यातील गवत आणि तूस किडे खातात. वटवाघळांच्या घाणीने रंग खराब होतात. लेण्यांत मुक्काम करणाऱ्यांनी पेटवलेल्या चुलींच्या धुराने चित्रे काळी पडली.

आणि सर्वांत मोठा शत्रू कोण? माणूस! २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीसाठी या डोंगरात आला. आसपासच्या लोकांना ही जागा ठाऊक होतीच. पण स्मिथमुळे तिची कीर्ती बाहेरच्या जगात गेली. या स्मिथने काय केले? दहाव्या लेण्यातील चित्रावर आपले नाव आणि तारीख कोरून ठेवली. ती आजही तेथे आहे. त्याच्यानंतर आलेल्या कितीतरी लोकांनी त्याचाच कित्ता गिरवला.

चित्रे नष्ट होतील या काळजीने काही जणांनी त्यांच्या नकला करून घेतल्या. मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून अनेक वर्षे अजिंठ्यात राहून मोठमोठ्या नकला रंगवल्या. त्या लंडनला पाठवण्यात आल्या आणि १८६६ मध्ये तेथील आगीत बहुतेक जळून गेल्या. नंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा नकला केल्या. त्यांतील पुष्कळ नकलाही १८८५ च्या आगीत गेल्या. यातून एक गोष्ट शिकायला मिळते. नकल उपयोगाची असते, पण तिच्या भरवशावर अस्सल चित्र सोडून देता येत नाही.

त्या काळी अजिंठा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. १९१४ मध्ये त्या राज्यात पुरातत्त्व खाते सुरू झाले. गुलाम यझदानी त्याचे प्रमुख झाले. त्यांनी अजिंठ्याच्या चित्रांवर चार खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १९३० ते १९५५ या काळात प्रसिद्ध झाला. या चित्रांच्या नकला करणारे चित्रकार सय्यद अहमद यांनी लेण्यांची देखभालही केली. बौद्ध भिक्षूंच्या या लेण्यांसाठी या माणसांनी आयुष्याची कितीतरी वर्षे दिली.

१९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या दोन तज्ज्ञांना बोलावले. सुटू लागलेला गिलावा त्यांनी पुन्हा भिंतीला चिकटवला आणि तुटलेल्या कडा बांधून घेतल्या. हे काम मोलाचे होते. पण चित्रांवर त्यांनी लाखेचे व्हार्निशही लावले. बांगड्या बनवतात तीच ही लाख. त्यांच्या आधी नकला करणाऱ्यांनीही रंग उठून दिसावेत म्हणून व्हार्निश लावले होते. सुरुवातीला चित्रे उजळली. पुढे तो थर पिवळा आणि मग तपकिरी पडला. त्यावर धूळ बसली. जे चित्र वाचवायचे, तेच थराखाली झाकले गेले. यांपैकी कोणाचाही हेतू वाईट नव्हता. पण नुसता चांगला हेतू पुरत नाही, हे मला अजिंठ्याने शिकवले. आमच्या कोनाड्याची वेल त्या दिवशी मला पुन्हा आठवली.

आज हे काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण ही संस्था करते. तिचे रसायनतज्ज्ञ कसे काम करतात ते पाहा. माठ विकत घेताना आपण तो बोटाने वाजवून बघतो ना? तसेच ते गिलावा हलकेच वाजवून पाहतात. आवाज पोकळ आला तर गिलावा दगडापासून सुटला आहे, असे समजायचे. मग सुईने त्या पोकळीत चिकट द्रव सोडतात आणि गिलावा हळूच दाबून धरतात. जुने व्हार्निश काढण्यासाठी आधी नखाएवढ्या जागेवर प्रयोग करतात. योग्य द्रावण सापडले, की कापसाचा बोळा त्यात बुडवून थर इंचाइंचाने उतरवतात. १९९९ पासून नवव्या आणि दहाव्या लेण्यांत असे काम झाले आणि काळ्या थराखाली दडलेली फार जुनी चित्रे पुन्हा दिसू लागली.

मग जेथे चित्राचा तुकडा गळून पडला आहे, तेथे काय करायचे? तुम्ही म्हणाल, ‘नवीन रंगवायचे!’ नाही. तेथे साधा, मंद रंगाचा गिलावा भरतात. चेहरा गेला असेल तर गेला. आपण तो मनाने रंगवला, तर पाहणाऱ्याला अस्सल कोणते आणि आपले कोणते, ते कळणार नाही. आणखी एक नियम असा, की आपण केलेली दुरुस्ती पुढच्या पिढीला शक्यतो काढून टाकता आली पाहिजे. उद्या आपल्यापेक्षा शहाणी माणसे येतील, त्यांच्यासाठी वाट मोकळी ठेवायची.

अशीच चित्रे चीनमध्येही आहेत. दुनहुआंग येथील मोगाव गुहांत माती आणि गवताच्या गिलाव्यावर बुद्धाच्या कथा रंगवल्या आहेत. तेथील संरक्षणासाठी १९४४ मध्ये एक संस्था स्थापन झाली. तिथेही गर्दीची हीच चिंता आहे, म्हणून रोजच्या प्रवाशांची संख्या ठरवून दिलेली आहे. माणसाच्या श्वासातही ओल असते आणि हजारो माणसांच्या श्वासाची ओल भिंतीला सोसत नाही. अजिंठ्यातही चित्रांच्या लेण्यांत एका वेळी थोड्याच लोकांना सोडतात. फ्लॅश वापरू देत नाहीत आणि जोडे बाहेर काढावे लागतात.

सहलीच्या दिवशी आमच्या एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, एवढे पाहिले आणि हातही लावायचा नाही?” मी त्याला आधी स्वतःचा तळहात बघायला सांगितला. घामाने तो ओला झाला होता. मी म्हणालो, “हा एक हात काही बिघडवणार नाही. पण तुझ्यामागे अख्खी रांग उभी आहे.” त्याने मागे वळून रांगेकडे पाहिले आणि हात खिशात घातला.

मित्रांनो, तुमच्या गावातही जुना वाडा असेल, मशिदीची किंवा मंदिराची रंगवलेली कमान असेल, नाहीतर घरातलाच एखादा कोनाडा असेल. तो पाण्याने घासू नका. त्यावर तैलरंग किंवा व्हार्निश लावू नका. छतातून पाणी गळत असेल, तर आधी छत दुरुस्त करायला मोठ्यांना सांगा. चित्राचा फोटो काढून ठेवा आणि जाणकाराला दाखवा. एवढे केलेत, तरी फार मोठे काम होईल.

दादीचा तो डबा अजून माझ्याकडे आहे. त्यात वेलीचे सात तुकडे आहेत. कोणते पान कोठे होते, ते आता मलाही सांगता येत नाही.

शब्दार्थ
गिलावा – पलस्तर
पापुद्रा – पातळ सुटणारा थर
कित्ता गिरवणे – दुसऱ्याने केले तसेच करणे
अस्सल – खरे, मूळचे
द्रावण – पातळ द्रवात विरघळवून केलेले मिश्रण

स्वाध्याय
१. अजिंठ्याच्या भिंतीवरील गिलाव्यात कोणकोणते पदार्थ होते?
२. व्हार्निशमुळे चित्रांचे नुकसान कसे झाले?
३. गळून पडलेला भाग नव्याने का रंगवत नाहीत? तुमच्या शब्दांत लिहा.
४. तुमच्या गावातील एखादी जुनी वास्तू पाहा आणि तिच्याविषयी दहा ओळी लिहा.