एक बटण, सगळा खेळ

नव्वदच्या दशकात मुंबईच्या उपनगरांतल्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये ज्यांनी खिसे रिकामे केले, त्यांना ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ म्हटल्यावर काही आठवणार नाही. ‘मुस्तफा’ म्हणा, लगेच डोळे चमकतील. कॅपकॉमच्या १९९३ सालच्या या खेळात पात्रं चार. पण आपल्या पोरांनी सगळा खेळच एकट्या मुस्तफाच्या नावावर करून टाकला.

पार्लरवाला रात्री मेन स्विच खाली करायचा आणि सगळ्या मशिनी एका दमात विझायच्या. त्यांचं काही बिघडत नसे, कारण खेळ रॉम चिपमध्ये कायमचा बसवलेला असे. वीज आली की पुन्हा पहिल्यापासून सुरू.

तीच पोरं आता चाळिशीत आहेत आणि घरात तशी मशीन बांधायची हौस करताहेत. प्लायचं खोकं उल्हासनगरच्या फर्निचर बाजाराच्या आसपासचा एखादा सुतार मापाने करून देईल. आत जुना कॉम्प्युटर, मॉनिटर, स्पीकरचा अ‍ॅम्प्लिफायर आणि माथ्यावरच्या नावाच्या पाटीमागे एलईडी पट्टी. म्हणजे चार प्लग. खेळायचं म्हटलं की मशीनच्या मागे हात घालून चार बटणं चाचपायची, यात कसली मजा? बटण एकच हवं.

सर्वात सोपा उपाय म्हणजे चारही प्लग एका एक्स्टेंशन बोर्डात खोचायचे, त्याचा स्विच बाहेर काढायचा आणि कॉम्प्युटरच्या बायोसमध्ये ‘वीज आली की आपोआप सुरू हो’ अशी सेटिंग करायची. चालतं. पण अंबरनाथ-बदलापूरच्या पावसाळ्यात हा उपाय मला मुळीच पसंत नाही. जुन्या मशिनीसारखा कॉम्प्युटर निर्धास्त विझत नाही. तो सतत काहीतरी लिहीत असतो, आणि लिहिता लिहिता वीज गेली तर फाइली खराब होतात. जुन्या कॉम्प्युटरऐवजी रास्पबेरी पाय हा चिमुकला कॉम्प्युटर वापरलात, तर त्याचं मेमरी कार्ड याबाबतीत फारच नाजूक. शिवाय स्विच चालू राहिला आणि रात्री गेलेली वीज तीनला आली, तर मुस्तफा पूर्ण आवाजात सगळं घर उठवणार!

म्हणून क्रम उलटा करायचा. बटणाने वीज तोडायची नाही. बटणाने फक्त कॉम्प्युटरला सांगायचं, आणि बाकीच्यांनी कॉम्प्युटरच्या मागे जायचं. दारावरच्या घंटीसारखं दाबलं की जुळणारं, सोडलं की सुटणारं बटण घ्या. खेळाची बटणंही याच जातीची असतात. त्याच्या दोन वायरी मदरबोर्डवरच्या पॉवर स्विचच्या दोन पिनांना जोडा. एकदा दाबलं की सुरू, पुन्हा दाबलं की रीतसर बंद. मात्र चार-पाच सेकंद दाबून धरलं तर कॉम्प्युटर जबरदस्तीने बंद होतो, म्हणून हे बटण जॉयस्टिकजवळ नको. वर किंवा बाजूला बरं. बायोसची ती सेटिंग ‘बंदच राहा’ अशी ठेवा.

आता मॉनिटर, अ‍ॅम्प्लिफायर आणि पाटीचा दिवा. यांच्यासाठी १२ व्होल्टचा रिले लागतो, संपर्क १० अँपिअर २५० व्होल्टचे. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधून येणाऱ्या चार पिनांच्या जोडणीत पिवळी वायर १२ व्होल्टची आणि काळी ग्राउंडची. या दोन्हींवर रिलेची कॉइल. कॉइलला समांतर १एन४००७ डायोड उलटा लावायचा, नाहीतर कॉइल सुटताना येणारा झटका मागे जातो. तिन्ही उपकरणांची फेज रिलेच्या संपर्कातून न्यायची. कॉम्प्युटर जागा झाला की पिवळ्या वायरीत १२ व्होल्ट येतात, रिले ‘टक’ करून ओढला जातो आणि सगळं उजळतं. यूएसबीवरून रिले चालवायचा मोह टाळा. कॉम्प्युटर बंद असतानाही अनेक मदरबोर्ड यूएसबीला पाच व्होल्ट देत राहतात, मग पाटी रात्रभर जळते. रास्पबेरी पायच्या पाच व्होल्टच्या पिनेचंही तेच.

मॉनिटर निवडताना एक परीक्षा घ्या: चालू असताना त्याचा प्लग काढून पुन्हा लावा. आपोआप उजळला तरच तो कामाचा. जुना काचेचा, ट्यूबचा मॉनिटर मिळाला तर रूप अस्सल येईल, पण बंद केल्यावरही त्याच्या ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट साठून राहू शकतात. त्याचं मागचं झाकण जाणकारानेच उघडावं.

सगळ्याचा मिळून भार साधारण २०० ते २५० वॅट, म्हणजे २३० व्होल्टवर एका अँपिअरच्या आसपास. मागच्या बाजूला फ्यूजसह तीन पिनांचं सॉकेट आणि फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा स्विच हवाच. तो रोजचा नाही, गावाला जाताना बंद करायचा. अर्थिंगची हिरवी वायर धातूच्या प्रत्येक भागाला जोडा, आणि २३० व्होल्टची जोडणी वायरमनकडूनच करून घ्या. रिले, डायोड, बटणं एकाच फेरीत हवी असतील तर दादरला गाडी बदलून ग्रँट रोड गाठायचं आणि लॅमिंग्टन रोड पालथा घालायचा.

एक गोष्ट खास बदलापूरकरांसाठी. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीने वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकवली, तेव्हा नदीकाठच्या तळमजल्यांची काय गत झाली ते सांगायला नको. अशा मशीनच्या बहुतेक आराखड्यांत एक्स्टेंशन बोर्ड आणि पॉवर सप्लाय खोक्याच्या तळाशी दाखवलेले असतात. तळमजल्यावर राहत असाल तर सुताराला आधीच सांगून दोन्हींसाठी कमरेच्या उंचीवर फळी ठोकून घ्या. वायर थोडी जास्त लागेल, एवढंच.